विश्लेषण : पेटीला स्वतंत्र मैफल मिळवून देणारे गोविंदराव टेंबे कोण होते? त्यांच्या वाद्यावर रेडिओने बंदी का घातली?

संध्याकाळी उल्हासनगर कॅम्प ५ मध्ये एखाद्या सत्संगाच्या दारावरून गेले, की आतून पेटीचे सूर ऐकू येतात. अंबरनाथच्या भजनी मंडळात आणि बदलापूरच्या गाण्याच्या क्लासमध्येही तीच पेटी असते. इतक्या घरगुती झालेल्या या वाद्याला देशाच्या सरकारी रेडिओने तब्बल ३१ वर्षे दार बंद ठेवले होते, यावर आज विश्वास बसणार नाही. ज्या कलावंताने ही पेटी साथीच्या जागेवरून उचलून मैफलीच्या मध्यभागी ठेवली, त्याच्या हयातीत ते दार उघडले नाही. गोविंद सदाशिव टेंबे हे त्यांचे नाव. संगीतकार, गायक नट, नाटककार, चित्रपटाचे नायक आणि लेखक अशी त्यांची ओळख आहे. पण या सगळ्याची सुरुवात पेटीपासून झाली.

पेटी मुळात कुठली?

हार्मोनियम हे वाद्य युरोपातले. पॅरिसमधील अलेक्झांडर दबँ यांनी १८४० च्या सुमारास ते घडवले आणि त्याला हे नाव दिले. त्या वेळचे वाद्य टेबलाएवढे होते. वादक खुर्चीवर बसून दोन्ही पायांनी भाता चालवत असे आणि दोन्ही हात पट्ट्यांवर असत. मिशनरी आणि गोरे अधिकारी यांच्याबरोबर ते हिंदुस्थानात आले. आपल्याकडच्या संगीत नाटकांत पायपेटी आणि ऑर्गन स्थिरावले, ते याच घराण्यातले.

पण आपले गाणे जमिनीवर बसून होते. त्यामुळे भाता मागच्या बाजूला आला, तो डाव्या हाताने हलवायचा आणि उजव्या हाताने वाजवायचे अशी हातपेटी तयार झाली. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांच्या ‘द्वारकिन’ या पेढीने १८७५ नंतर तिचा प्रसार केला. वाद्य स्वस्त, हलके, पावसाळ्यातही सहसा सूर न सोडणारे. शिकायलाही सोपे. काही दशकांत ते घराघरांत पोहोचले.

पियानोचे मात्र तसे झाले नाही. पियानोच्या आत तारा असतात, पट्टी दाबली की हातोडी तारेवर आपटते आणि उमटलेला सूर लगेच विरायला लागतो. पेटीत हवेने पितळी रीड थरथरते आणि भाता चालू आहे तोवर सूर टिकून राहतो. तानपुऱ्याच्या अखंड नादात मिसळेल आणि गायकाच्या लांब श्वासाला सोबत करेल असा हा टिकणारा सूर होता. पट्ट्या पियानोसारख्याच, पण चाल आपल्या गाण्याला मानवणारी. पेटी बैठकीत आली आणि पियानो श्रीमंतांच्या दिवाणखान्यात राहिला, याचे हेही एक कारण.

कोल्हापूरच्या बैठकीत काय घडले?

टेंबे यांचा जन्म ५ जून १८८१ रोजी कोल्हापूरजवळच्या सांगवडे येथे झाला. ते वाढले कोल्हापुरात. त्या काळचे कोल्हापूर हे गाण्याचे गाव होते. छत्रपती शाहू महाराजांचा राजाश्रय होता आणि १८९५ मध्ये अल्लादियाखाँ दरबारात आले होते. जयपूर-अत्रौली घराण्याची अवघड, पेचदार गायकी या शहराच्या कानांवर रोज पडत होती.

दरबाराच्या बाहेरही एक जागा होती. १८८३ मध्ये सुरू झालेला गायन समाज देवल क्लब. नाव क्लबचे, पण स्वरूप गाणेवेड्यांच्या अड्ड्याचे. तिकीट काढून समोर बसणारे प्रेक्षक आणि उंच मंचावर कलावंत असा हा प्रकार नव्हता. सतरंजीवर जवळजवळ बसलेले मोजके लोक, गवयाच्या हातभर अंतरावर असलेले श्रोते आणि चुकीची जागा लगेच ओळखणारे कान. अशा बैठकीत नवशिक्यालाही ऐकता येते आणि पुरेसे ऐकले की कधीतरी वाजवण्याची पाळीही येते.

टेंबे पेटी शिकले ते बहुतांशी स्वतःच्या कानाने आणि बोटांनी. शास्त्रोक्त संगीताची दीक्षा आपल्याला देवल क्लबमुळे मिळाली, असे ते मानत. ठरलेला अभ्यासक्रम नाही, परीक्षा नाही. मोठ्या गवयांचे गाणे ऐकायचे, घरी येऊन पट्ट्यांवर त्या जागा शोधायच्या आणि पुन्हा ऐकायला जायचे. त्यांच्या पेटीचा कल वाद्याच्या करामतीकडे न राहता गळ्याकडे राहिला, त्याचे मूळ या शिक्षणात आहे.

पियानोप्रेमींच्या बैठकींशी याचे साम्य काय?

अशा अनौपचारिक बैठकींनी संगीत घडवल्याचे उदाहरण युरोपातही आहे. १८२० च्या दशकात व्हिएन्ना शहरात फ्रान्झ शुबर्ट हा तरुण संगीतकार मित्रांच्या घरी पियानोवर बसे. भोवती कवी, चित्रकार, गायक, नोकरदार असे स्नेही जमत. त्या संध्याकाळींना त्याच्याच नावावरून शुबर्टिआड म्हणत. केवळ स्वतःच्या रचनांची जाहीर मैफल शुबर्टला आयुष्यात एकदाच मिळाली, २६ मार्च १८२८ रोजी. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वयाच्या ३१ व्या वर्षी तो गेला. त्याची गाणी तोवर जिवंत राहिली ती या घरगुती श्रोत्यांमुळे.

कोल्हापूर आणि व्हिएन्ना यांच्यात तुलना फार ताणायचे कारण नाही. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी दिसते. मोठे सभागृह, सरकारी मान्यता किंवा पैसा येण्याच्या कितीतरी आधी एखाद्या कलेला काही जाणकार श्रोते लागतात. ते मिळाले की वाद्य कुठून आले हा प्रश्न मागे पडतो.

साथीदाराचे एकल वादक कसे झाले?

टेंबे यांना पुढे भास्करबुवा बखले यांची तालीम मिळाली. भास्करबुवा (१८६९-१९२२) यांनी ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर या तीन घराण्यांची विद्या मिळवली होती. टेंबे यांनी त्यांना पेटीची साथ केली. अल्लादियाखाँ यांच्याकडे ते रीतसर शिकले नाहीत, पण त्यांनाही ते गुरू मानत आणि त्यांच्या गायकीचा त्यांनी ध्यास घेतला. पुढे त्यांनी खाँसाहेबांचे चरित्रही लिहिले.

साथीदाराचे काम सावलीचे असते. गायक तान घेतो, साथीदार ती धरतो. गायक थांबतो, साथीदार पोकळी भरतो. नाव गायकाचे होते. पेटीकडे तेव्हा असेच पाहिले जात असे. सारंगी बाजूला पडत होती, कारण पांढरपेशा समाजाने तिचा संबंध कोठ्यावरच्या गाण्याशी जोडला होता. तिची जागा पेटीने घेतली, पण दुय्यमपणा तोच राहिला.

टेंबे यांनी पुढे साथ करणे सोडले आणि स्वतंत्र पेटीवादन सुरू केले. साथीच्या वाद्याने दोन तास एकट्याने बैठक धरून ठेवायची, हे तेव्हा धाडसाचे होते. शब्द नाहीत, गळ्याचा गोडवा नाही. राग उभा करायचा तो फक्त बोटे आणि भाता यांच्या जोरावर. एकल हार्मोनियमवादक म्हणून त्यांचे नाव झाले आणि महाराष्ट्रात पेटीवादनाची जी परंपरा पुढे फुलली, तिच्या आरंभी त्यांचे नाव घेतले जाते.

‘मानापमान’ने काय बदलले?

मार्च १९११ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीने कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘संगीत मानापमान’ रंगभूमीवर आणले. गरीब पण शूर सेनापती धैर्यधराचा अपमान करणारी धनिकाची मुलगी भामिनी शेवटी त्याचीच होते, अशी ही कथा. भामिनीच्या भूमिकेत बालगंधर्व होते. पदांना चाली देण्याचे काम टेंबे यांच्याकडे आले, तेव्हा ते तिशीच्या आतबाहेर होते.

अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’पासून, म्हणजे १८८० पासून, नाट्यपदांना साकी, दिंडी, लावणी, कीर्तनी आणि कानडी वळणाच्या चाली असत. टेंबे यांनी रागदारीतल्या चिजा आणि ठुमरी, दादरा यांसारखे उत्तर हिंदुस्थानी प्रकार आणले. बैठकीत मोजक्यांनी ऐकलेला रंग तिकीट काढून आलेल्या हजारोंसमोर ठेवला. ज्याला रागाचे नाव माहीत नाही तोही ती चाल गुणगुणत घरी जाऊ लागला. नाट्यसंगीत हा महाराष्ट्राचा स्वतंत्र प्रकार म्हणून पुढे ओळखला गेला, त्यात या नाटकाचा वाटा फार मोठा आहे.

या यशामागे पेटी होती. चाल बांधणाऱ्याला वेगवेगळ्या प्रदेशांतल्या सुरावटी लक्षात ठेवायच्या असतात, त्या मराठी शब्दांच्या वजनात बसवायच्या असतात आणि नटाला पुन्हा पुन्हा वाजवून दाखवायच्या असतात. बैठकींत वर्षानुवर्षे ऐकलेले गाणे बोटांत मुरलेला माणूसच ते करू शकत होता.

नाटक कंपनी ते चित्रपट हा प्रवास कसा झाला?

१९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि टेंबे या तिघांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. टेंबे मालकांपैकी एक होते. ही भागीदारी फार काळ टिकली नाही. ते बाहेर पडले आणि त्यांनी शिवराज नाटक मंडळी काढली. तिथे त्यांनी नाटके लिहिली, पदे रचली, चाली दिल्या आणि भूमिकाही केल्या.

बोलपट आला तेव्हा नाटक कंपन्यांचे दिवस फिरले. अनेक गायक नट मागे पडले, पण टेंबे यांनी नवे माध्यम पत्करले. कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीने १९३२ मध्ये व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली ‘अयोध्येचा राजा’ काढला. त्यात हरिश्चंद्राची भूमिका टेंबे यांनी केली, तारामती होत्या दुर्गा खोटे आणि संगीतही टेंबे यांचेच. पन्नाशीत त्यांनी चित्रपटाचा नायक म्हणून पाऊल ठेवले. पार्श्वगायन तेव्हा रूढ नव्हते. नटाला कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष गावे लागे आणि वादक चौकटीबाहेर लपून साथ करत. त्याच वर्षीच्या ‘माया मच्छिंद्र’मध्ये ते मच्छिंद्रनाथ झाले. ‘सिंहगड’चे संगीतही त्यांनी दिले.

त्यांनी लेखनही केले. ‘माझा संगीत व्यासंग’ हे त्यांचे पुस्तक १९३९ मध्ये आले आणि ‘माझा जीवनविहार’ १९४८ मध्ये. गवई, बैठकी, नाटक मंडळ्या यांचा तो काळ समजून घेण्यासाठी आजही अभ्यासक या पुस्तकांकडे जातात. पहिले पुस्तक प्रसिद्ध झाल्यानंतर वर्षभरातच त्यांच्या वाद्यावर संक्रांत आली.

पेटीवर नेमका आक्षेप काय होता?

आक्षेप केवळ परदेशी जन्माचा नव्हता. त्यामागे सुरांचे गणित आहे. कारखान्यात पेटी लावताना षड्जापासून तार षड्जापर्यंतच्या अंतराचे बारा समान भाग करतात. संगीतशास्त्रात हे पूर्ण अंतर १२०० सेंट मानले तर प्रत्येक पट्टी १०० सेंटवर येते. पियानोचीही रचना तीच. त्यामुळे कुठल्याही पट्टीपासून गाणे सुरू करता येते, ही सोय मोठी.

पण नैसर्गिक स्वर या समान खणांत बसत नाहीत. तानपुरा नीट जुळला की त्याच्या नादातून गांधार आपोआप ऐकू येतो. तो सुमारे ३८६ सेंटवर असतो. पेटीचा शुद्ध गांधार ४०० वर, म्हणजे १४ सेंट चढा. तयार कानाला हा फरक बोचतो. दुसरी अडचण मींडेची. गळा किंवा सारंगी एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाते. पेटीत दोन पट्ट्यांच्या मधे काही नाही. दरबारी कानडाच्या कोमल गांधाराचे आंदोलन पेटीवर जसेच्या तसे येत नाही.

यावर उपाय शोधण्याचे प्रयत्नही महाराष्ट्रातच झाले. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि ब्रिटिश न्यायाधीश ई. क्लेमंट्स यांनी १९१० च्या सुमारास २२ श्रुतींची पेटी करण्याचा प्रयत्न केला. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिचे प्रात्यक्षिक झाले, पण विद्वानांचे एकमत झाले नाही. नेहमीची बारा सुरांची पेटीच चालू राहिली.

बंदी कशी आली?

१९३० च्या दशकात ऑल इंडिया रेडिओ उभा राहत होता आणि लायोनेल फील्डन त्याचे प्रमुख होते. रेडिओच्या दिल्ली केंद्रात पाश्चात्त्य संगीत विभाग पाहणारे इंग्रज संगीतकार जॉन फाउल्ड्स यांनी १९३८ मध्ये पेटीविरुद्ध लेख लिहिला. इकडे राष्ट्रीय बाण्याच्या अनेकांनाही पेटी परकी वाटत होती. जानेवारी १९४० मध्ये रवींद्रनाथ टागोरांनीही रेडिओच्या कलकत्ता केंद्राला पत्र लिहून पेटी हद्दपार करण्याची मागणी केली. खुद्द टागोरांच्या घरात त्यांचे थोरले बंधू ज्योतिरिंद्रनाथ पियानोवर सुरावटी रचत आणि तरुण रवींद्रनाथ त्यांना शब्द देत, हे लक्षात घेतले तर विरोध परदेशी पट्ट्यांना होता की पेटीच्या सर्रास वापराला, असा प्रश्न पडतो.

१ मार्च १९४० पासून रेडिओवर पेटी बंद झाली. व्हायोलिनही तितकेच परदेशी होते, पण त्याला बंदी नव्हती, कारण त्यावर मींड येते. म्हणजे एका बाजूला स्वरांचा खरा मुद्दा होता आणि दुसऱ्या बाजूला स्वदेशीचा अभिमान. दोन्ही एकाच आदेशात मिसळले गेले.

त्या वेळी टेंबे ५८ वर्षांचे होते. बैठकीतल्या पन्नास श्रोत्यांऐवजी लाखो कानांपर्यंत पोहोचवणारे साधन पहिल्यांदाच हाताशी आले होते आणि नेमके त्यावरच त्यांच्या वाद्याला जागा उरली नाही.

मग त्यांची पेटी ऐकून मत बदलणारे काय ऐकत होते?

पेटीवादकाकडे मींड नसते, पण तिचा भास निर्माण करण्याची साधने असतात. मुख्य स्वराला शेजारच्या स्वराचा निसटता स्पर्श देणे, म्हणजे कणस्वर. एक पट्टी पूर्ण सुटण्याआधी दुसरी धरणे. भात्याचा दाब कमी-जास्त करून सुराला उठाव देणे किंवा तो विझत नेणे. जो स्वर टोचतो त्यावर मुक्काम न करणे आणि जे राग पट्ट्यांवर खुलतात त्यांची निवड करणे. साथ करताना गायक नेईल तिकडे जावे लागते. स्वतंत्र वादनात हे सगळे निर्णय वादकाचे असतात.

यामुळे १४ सेंटचा फरक नाहीसा होत नाही. आक्षेप घेणारे त्या बाबतीत बरोबर होते. पण मैफल गणितावर पूर्णपणे ठरत नाही. टेंबे यांच्यासारख्या वादकाने पेटी गायकी अंगाने वाजवली, तेव्हा हे वाद्य काय करू शकत नाही यापेक्षा काय करू शकते, याकडे कान वळले. पी. मधुकर, विठ्ठलराव कोरगावकर अशा वादकांनी पुढे ही वाट रुंद केली. पेटी हाती घेऊन मित्रांच्या बैठकी रंगवणारे पु. ल. देशपांडे १९५५ मध्ये आकाशवाणीच्या नोकरीत आले, तेव्हाही तिथे पेटीला मनाई होती.

बंदी कधी उठली?

टेंबे यांचे ९ ऑक्टोबर १९५५ रोजी दिल्लीत निधन झाले. बंदीला तेव्हा पंधरा वर्षे झाली होती. ती शिथिल झाली १९७१ मध्ये, तीही प्रथम साथीपुरती आणि अटींसह. ज्या एकल वादनासाठी टेंबे ओळखले जात, त्याला रेडिओवर त्यानंतरही बराच काळ थांबावे लागले.

या काळात पेटी संपली मात्र नाही. १९४९ मध्ये कल्याण कॅम्पचे उल्हासनगर झाले, सिंधमधून आलेल्या कुटुंबांनी लष्करी बराकींची घरे केली, तेव्हा रेडिओवर पेटी नव्हती. पण भजनात आणि सत्संगात होती. गणपतीच्या आरतीत, कीर्तनात, कव्वालीत, नाटकाच्या तालमीत होती. सरकारी आदेश स्टुडिओच्या दारापर्यंत चालला. सतरंजीवर बसलेल्या लोकांना तो कधी लागूच झाला नाही.

टेंबे घडले ते अशाच सतरंजीवर. आज मोबाइलवर एका बोटाने पियानोचा सूर वाजवता येतो आणि पेटीचे सूर दर काही सेंटनी बदलणारी अॅपही मिळतात. तरीही पेटी शिकणारा विद्यार्थी तयार होतो तो कुणाच्या तरी घरी, चार जाणत्या माणसांसमोर, चुकत-सुधारत. देवल क्लबमधल्या त्या मुलापेक्षा त्याची वाट वेगळी नाही.